पेडलांचा क्रम: आधी वाकडं कोण ते ओळख

प्रश्न विचारणारी इंदूरचीच, इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. स्ट्रॅट घाटणीची सिंगल कॉइल (एकाच गुंडाळीचा पिकअप असलेली) गिटार आणि सात पेडलं, म्हणजे आवाज बदलणारे, पायाने दाबायचे डबे: ट्यूनर, वाह, फझ, ओव्हरड्राइव्ह, कोरस, डिले (प्रतिध्वनी), रिव्हर्ब (खोलीचा घुमारा). याच क्रमाने लावलेली, सगळी एकाच अडॅप्टरच्या माळेवर. तक्रारी चार. फझ नुसता करकरतो, भरत नाही. ओव्हरड्राइव्हवर कॉर्ड वाजवताना सोलोसाठी फझ दाबला की आवाज जाड होतो, पण मोठा होत नाही. सगळं चालू केलं की गुणगुण आणि वर बारीक शिट्टी. आणि गणपतीत कॉलनीच्या मंडळाचा ऑर्केस्ट्रा आहे, तिथे अ‍ॅम्प नाही, साऊंडवाले जॅक थेट मिक्सरला लावणार. मागच्या वर्षी तसं केलं तर 'डब्यात माशी कोंडल्यासारखं' वाजलं. "काका, बरोबर क्रम कोणता?"

चारांपैकी दोनच तक्रारी क्रमाच्या आहेत. तिसरी विजेची, चौथी स्पीकरची. क्रमाच्या तक्त्यात या शेवटच्या दोघींचं उत्तर शोधत बसलीस तर वर्ष जाईल. माझं गेलं होतं.

तू इलेक्ट्रॉनिक्सची आहेस, म्हणून एरवी तासभर वाजवून दाखवावी लागणारी गोष्ट इथे दोन ओळींत सांगता येते. सिग्नल्स अँड सिस्टिम्सच्या पेपरात असेल: दोन डबे रेषीय (दुप्पट घातलं की दुप्पटच बाहेर देणारे) असले आणि काळाप्रमाणे बदलणारे नसले, तर मागेपुढे केले तरी बाहेर पडतं ते तेच. इक्वलायझर आधी, डिले नंतर, किंवा उलट, फरक शून्य. साधा डिजिटल डिले आणि साधा रिव्हर्ब, मोनोमध्ये, कोणीही पुढे असो; फरक शून्य. यावर लोक रात्र रात्र वाद घालतात. त्यांना जो फरक ऐकू येतो तो खोटा नसतो, पण त्याचं कारण वेगळं असतं. टेपचा किंवा जुन्या बकेट-ब्रिगेड चिपचा डिले दर फेरीला आवाज थोडा मळवतो, पुष्कळ रिव्हर्बमध्ये आत हलकं मॉड्युलेशन असतं, आणि स्टिरिओ झालं की हिशेबच बदलतो. म्हणजे तो डबा वरून सरळ दिसत होता, आतून नव्हता.

म्हणून मी पेडलांची विभागणी नावांवरून करत नाही. सरळ, वाकडी आणि डोलती अशी करतो. सरळ म्हणजे इक्वलायझर, साधा डिले, साधा रिव्हर्ब, स्वच्छ बूस्ट, आणि पाय स्थिर असलेला वाह. वाकडी म्हणजे लहरीचा आकारच बदलणारी: ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन, फझ, ऑक्टेव्ह, आणि आपल्या वेळापत्रकाने वाकडे होणारे कॉम्प्रेसर व नॉइज गेट. डोलती म्हणजे कोरस, फेझर, फ्लँजर, ट्रेमोलो, हलता वाह. दोन सरळ पेडलांमध्ये क्रम कसाही लाव. वाकडं पेडल आलं की त्याच्या अलीकडे (गिटारच्या बाजूला) काय आणि पलीकडे (स्पीकरच्या बाजूला) काय, एवढाच प्रश्न उरतो.

वाकडं पेडल करतं काय? हलक्या हाताने छेडलेल्या सिंगल कॉइलमधून साधारण १०० मिलिव्होल्ट येतात असं धर. पेडलमधला अ‍ॅम्प्लिफायर त्याचे पन्नास-शंभरपट करू बघतो, पण वाटेत सिलिकॉन डायोड बसलेले असतात आणि ते ०.६ व्होल्टच्या आसपास लहरीचं डोकं उडवतात. याने तीन गोष्टी होतात. नवे हार्मोनिक, म्हणजे मूळ सुराच्या पटीतले वरचे सूर, तयार होतात, हे सगळ्यांना माहीत असतं. मोठ्या आणि लहान आवाजातला फरक पुसला जातो, कारण दोघेही त्याच छताला टेकतात. आणि दोन सूर एकत्र आत गेले तर त्यांच्या बेरीज-वजाबाकीचे, कोणीच न वाजवलेले सूर बाहेर येतात.

ही वजाबाकी हाताने करून बघ. गिटारची सर्वांत जाड तार ८२.४ हर्ट्झ, तिचा पंचम १२३.५. वजाबाकी ४१, म्हणजे तीच तार एक सप्तक खाली. म्हणून फझवर षड्ज-पंचमाची जोडी भरदार वाजते. त्याच तारेबरोबर गांधार घेतला तर १०३.८ उणे ८२.४, म्हणजे २१.४, मूळ तारेच्या दोन सप्तकं खालचा सूर २०.६ असतो, त्याच्याशी हे जुळत नाही, आणि असे न जुळणारे बरेच सूर मिळून चिखल होतो. पूर्ण मेजर कॉर्ड फझवर का गढुळते, त्याचं कारण तुझ्या बोटांत नाही.

आता डिले या डब्याच्या अलीकडे ठेव. प्रतिध्वनी दर वेळी निम्मा होतोय: पूर्ण, अर्धा, पाव, अर्धपाव. पुढे डिस्टॉर्शन आहे. त्याच्या दृष्टीने अर्धाही छताला टेकतो, पावही टेकतो. बाहेर येताना सगळे जवळपास सारख्या उंचीचे. प्रतिध्वनी विरत नाही, रांगेत उभा राहतो. वर मागच्या कॉर्डचा उरलेला सूर आणि आताच्या कॉर्डचा सूर यांच्या वजाबाक्या. डिले पलीकडे ठेवलास तर आधी आवाज वाकतो, मग त्या वाकलेल्या आवाजाच्या स्वच्छ, लहान होत जाणाऱ्या प्रती निघतात. 'डिले-रिव्हर्ब शेवटी' या नियमाचा सगळा पाया एवढाच आहे.

मला हे कळलं ते गिटारवर नव्हे, घरातल्या तंबोऱ्यावर. रामबागेतल्या आमच्या घरी आत्या गायची. जवारी लागली नाही की ती तार आणि घोडी यांच्यामधला सुताचा दोरा केसाएवढा सरकवायची, आणि सपाट 'टंऽ' अचानक उमलायचा. तार घोडीच्या चपट्या उतारावर घासत, टेकत-सुटत हलते. ती जवारी म्हणजे आपला जुना फझच. पण बघ, वाकडेपणा घोडीवर, अगदी उगमाशी. त्याच्यानंतर भोपळा. त्याच्यानंतर खोली. कोणी भोपळ्यातून निघालेल्या आवाजाला जवारी लावत नाही. निसर्गात खोली नेहमी शेवटी येते, म्हणून आपल्या कानाला तो क्रम 'खरा' वाटतो.

दुसरं कारण इतिहासातलं. १९६०-६१ च्या सुमारास अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या एका स्टुडिओत मिक्सरचा एक चॅनल बिघडला आणि बास गिटार फाटक्या भोंग्यासारखी वाजली. तिथला एंजिनियर ग्लेन स्नॉडी याने तोच बिघाड मुद्दाम घडवणारं सर्किट तयार केलं. ते १९६२ मध्ये माएस्ट्रो फझ-टोन म्हणून बाजारात आलं. त्या काळात फझ गिटारवाल्याच्या पायाशी असायचा आणि प्रतिध्वनी बहुतेकदा स्टुडिओतल्या टेपवर, अ‍ॅम्पसमोरच्या माईकने पकडलेल्या आवाजावर चढायचा. रेकॉर्डमधून तोच क्रम सगळ्यांच्या कानात बसला. पुढे सगळे डबे एकाच पाटीवर आले तरी सवय तीच राहिली. ती मोडायला काहीच हरकत नाही. रिव्हर्ब अगदी थोडा ठेवून त्याच्यापुढे फझ लावून बघ: सूर संपले तरी मागे एक भिंत उभी राहते. दोन-तीन सुरांच्या संथ वाजवण्याला ते फार छान लागतं, आणि भावगीताच्या मागे लावलंस तर गायिका मागे वळून बघेल.

आता तुझा फझ. करकरतो म्हणतेस, आणि तो दोन ट्रान्झिस्टरचा जुन्या घाटणीचा आहे, म्हणजे लंडनच्या आर्बिटरने १९६६ मध्ये काढलेल्या गोल, माईकस्टँडच्या बैठकीसारख्या फझ फेसच्या वंशातला. इथे मघाचं सरळ-वाकडं पुरत नाही. डबे एकमेकांवर ओझं टाकत नाहीत असं आपण धरून चाललो होतो, आणि हा फझ टाकतो. त्याचा इनपुट इम्पिडन्स (आत येणाऱ्या सिग्नलला होणारा विरोध) इतका कमी असतो की गिटारचा पिकअप त्याच्या सर्किटचाच एक भाग होऊन जातो. पिकअपची कॉइल, व्हॉल्यूमचा नॉब आणि पहिला ट्रान्झिस्टर मिळून आवाज ठरतो. गिटारचा नॉब दहावरून सातवर आणला की फझ निवळून घंटेसारखा वाजतो, ही त्या सर्किटची खरी मजा.

तू मात्र त्याच्या अलीकडे ट्यूनर ठेवला आहेस. पुष्कळ ट्यूनर पेडलांत बफर असतो, म्हणजे आवाज न बदलता सिग्नलला जोर देणारं सर्किट: आत साधारण दहा लाख ओहम, बाहेर जेमतेम हजार. बफरने फझला पिकअपऐवजी एक धट्टाकट्टा स्रोत दाखवला. परिणाम म्हणजे करकर, पातळपणा, आणि नॉब कमी केला तरी न निवळणं. वाह मध्ये आहे तोही त्रासदायक. या जातीच्या फझच्या अलीकडे वाह असला की त्याची घसरण मरते, कधी नुसती शिट्टी वाजते. फझ सर्वांत पुढे, गिटारच्या लगेच पलीकडे आण. पाच मिनिटांचं काम, आणि तुझी पहिली तक्रार बहुधा तिथेच मिटेल. १९६९ च्या बिग मफच्या घराण्यातला फझ असता तर हे सांगितलं नसतं. त्याला अलीकडे कोण आहे याची पर्वा नसते.

पण बफर म्हणजे वाईट, असं ऐकलं असशील तर ते विसर. गिटारच्या केबलला मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स असतो. पिकअप अडीच हेन्रीचा धर. सहा मीटर केबल आणि कॉइलचा स्वतःचा थोडा मिळून ७०० पिकोफॅरड. अनुनादाचं टोक येतं ३.८ किलोहर्ट्झला. पाटीच्या पलीकडे आणखी सहा मीटर केबल गेली आणि मध्ये सगळे ट्रू बायपास (बंद असताना सिग्नल नुसत्या तारेसारखा आरपार सोडणारे) असले तर १३०० पिकोफॅरड, आणि टोक घसरतं २.८ किलोहर्ट्झवर. तारेचा जो 'चण्ण' असतो तो नेमका याच पट्ट्यात. स्टेजवर लांब केबल टाकली की गिटार गोधडी पांघरल्यासारखी का वाजते ते हे. म्हणून फझनंतर लगेच ट्यूनर: फझला पिकअप मिळाला, पुढच्या केबलला बफर.

एक आडवाट. तुझा फझ जर्मेनियमचा असेल तर क्रमाइतकंच हवेकडे लक्ष दे. जर्मेनियमची गळती ढोबळ हिशेबाने दर १० अंशांना दुप्पट होते. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या खोलीत पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा दुसऱ्या ट्रान्झिस्टरचं बायस सरकतं, आणि आवाज तुटक किंवा मंद होतो. मी एकदा अशाच दुपारी पेडल 'मेलं' म्हणून उघडून बसलो, तीन कपॅसिटर बदलले, काही फरक नाही. जेवून रात्री दहाला पुन्हा लावलं तर मधासारखं वाजलं. शब-ए-मालवाची, माळव्याच्या रात्रीची, तारीफ कवींनी उगाच केलेली नाही. आत ट्रिमपॉट बसव आणि ९ व्होल्टच्या बॅटरीवर दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर ४.५ च्या आसपास व्होल्ट ठेव. उन्हाळ्यात एकदा, थंडीत एकदा. एवढी उस्तवार नको असेल तर बीसी १०८ सारख्या सिलिकॉनचा फझ घे. आवाज जरा टोकदार, पण दुपारीही तोच.

दुसरी तक्रार, सोलोची. ही चूक मी भर स्टेजवर केली आहे. लोकमान्यनगरच्या बाजूला एका मंडळात वाजवत होतो. घरी फार विचार करून ओव्हरड्राइव्हच्या अलीकडे बूस्ट लावला होता. सोलो आला, दाबला, मान वर केली, आणि समोरच्या रांगेतले आजोबा हाताने 'अहो, मोठ्याने' खुणावताहेत. बूस्टने ओव्हरड्राइव्हच्या तोंडात जास्त कोंबलं, पण छत तेवढंच होतं. आवाज जाड झाला, उंच नाही. तुझ्या फझचंही तेच होतंय, कारण त्याच्यापुढे ओव्हरड्राइव्ह छत धरून बसलेला आहे. वाकड्या पेडलाच्या अलीकडे वाढवलेला आवाज 'किती वाकायचं' ते ठरवतो. पलीकडे वाढवलेला 'किती मोठं' ते ठरवतो. व्हॉल्यूम पेडललाही हेच लागू: अलीकडे असेल तर फझ निवळतो, पलीकडे असेल तर नुसता आवाज घटतो, आणि डिलेच्या अलीकडे असेल तर पाय उचलल्यावरही आधीचे प्रतिध्वनी हवेत राहतात.

फझ मागे सरकवता येत नाही, मघाच्या इम्पिडन्समुळे. म्हणून ओव्हरड्राइव्हच्या पलीकडे, कोरसच्या अलीकडे, एक साधा बूस्ट किंवा ग्राफिक इक्वलायझर टाक. इक्वलायझर घेशील तर ८०० हर्ट्झच्या आसपासची पट्टी थोडी वर कर. घरी एकट्याने वाजवताना मधला पट्टा कमी केलेला आवाज मोठा, थोराड वाटतो. स्टेजवर की-बोर्ड, ढोलक आणि दोन गायक आले की तोच आवाज नाहीसा होतो. १९७९ चं ट्यूब स्क्रीमर नावाचं ओव्हरड्राइव्ह आणि त्याच्या हिरव्या नकला अजून इतक्या विकल्या जातात, त्याचं मोठं कारण म्हणजे ते ७२० हर्ट्झच्या आसपास फुगतं. एकट्याने ऐकलं तर नाकात बोलल्यासारखं वाटतं. गर्दीत तेच नाक ऐकू येतं.

दोन वाकडी पेडलं एकामागे एक असली तर शेवटच्याची सही चालते, हे कानात बसव. जोरदार डिस्टॉर्शनच्या अलीकडे ट्यूब स्क्रीमर, त्याचा ड्राइव्ह शून्य आणि लेव्हल पूर्ण: तो स्वतः फारसा वाकत नाही, फक्त खर्ज छाटून पुढच्याला आवळतो. उलट लावलंस तर डिस्टॉर्शनचा सगळा खरखरीतपणा ओव्हरड्राइव्हच्या गोल छताखाली दबतो. कॉम्प्रेसर वाकड्याच्या अलीकडे ठेव, नाहीतर तो शांततेत नुसता हिस्स वर उचलतो. गेट वाकड्यानंतर पण डिलेच्या अलीकडे, नाहीतर प्रतिध्वनीची शेपटी कापतो. ऑक्टेव्हला स्वच्छ एकच सूर लागतो.

वाह आणि डोलत्या पेडलांत मात्र नियम शोधू नकोस, इथे खरा खेळ आहे. वाह म्हणजे सरकणारा डोंगर. ओव्हरड्राइव्हच्या अलीकडे असेल तर डोंगरावरचे सूर जास्त वाकतात, बाकीचे कमी. माणूस 'आ-ऊ' म्हणतोय असं वाटतं. पलीकडे असेल तर हार्मोनिकने गच्च भरलेल्या आवाजावर चाळणी फिरते आणि सिंथेसायझरसारखी लाट येते. सत्तरच्या दशकातल्या हिंदी गाण्यांच्या चकचक गिटारसाठी मला पहिलाच आवडतो, वाकडं पेडल बंद ठेवून तर अजूनच. फेझरचंही तसंच: रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलनने १९७४ चा फेझ ९० नावाचा फेझर अ‍ॅम्पच्या तोंडाशी, म्हणजे वाकण्याच्या अलीकडे लावला, म्हणून तो लाटेसारखा न येता आवाजाच्या आतून सरकतो. कोरस मी पलीकडे ठेवतो. अलीकडे ठेवलास तर त्याच्या दोन किंचित बेसूर प्रती ओव्हरड्राइव्हमध्ये एकमेकींशी भांडतात.

ट्रेमोलो तुझ्याकडे नाही, पण कोणाकडून मागून एकदा ऐक. रिव्हर्बच्या अलीकडे ठेवला तर मधल्या फटी रिव्हर्ब भरून काढतो, आवाज श्वास घेतल्यासारखा. पलीकडे ठेवला तर रिव्हर्बसकट सगळंच कापलं जातं. साठच्या दशकातल्या काळ्या पट्टीच्या फेंडर अ‍ॅम्पमध्ये हा दुसरा प्रकार आहे. 'खोली शेवटी' हा नियम तिथल्या कारखान्यानेच पाळला नव्हता.

आता गुणगुण. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे बास गिटारच्या सर्वांत खालच्या 'जी'पेक्षा किंचित चढी. सिंगल कॉइल ती हवेतून उचलते. गिटार हातात धरून जागेवर हळूहळू फिर. एखाद्या दिशेला आवाज कमी झाला तर दोष पिकअपचा आणि आसपासच्या ट्रान्सफॉर्मरचा. पेडलं कितीही फिरव, जाणार नाही. न फिरता टिकून राहणारी, सप्तकभर वरची १०० हर्ट्झची गुणगुण बहुधा अडॅप्टरची. आणि बारीक शिट्टी म्हणजे डिजिटल डिले-रिव्हर्बच्या घड्याळाची कुरबुर, त्याच माळेच्या तारेतून फझमध्ये शिरलेली. फझ एक-दोन मिलिअँपिअरवर जगतो, ओव्हरड्राइव्ह दहाच्या आसपास, डिजिटल पेडलं पन्नास-शंभर किंवा त्याहून जास्त खातात. त्यांना वेगळा अडॅप्टर दे, फझला बॅटरी. पुढे पैसे जमले की प्रत्येक खणाला स्वतंत्र वळण असलेला आयसोलेटेड सप्लाय घे. मी आठव्या पेडलाऐवजी तोच घेईन. फझ पीएनपी जर्मेनियमचा असेल तर त्याचं पॉझिटिव्ह जमिनीला असतं, माळेवर लावलास तर सरळ शॉर्ट. आणि पिन बघून लाव. बहुतेक पेडलांना ९ व्होल्ट, मधली पिन निगेटिव्ह लागते. जेल रोडवरून घाईत आणलेल्या एका अडॅप्टरचं मी हे बघितलं नव्हतं. डिले पेडलमधून धुराची एक बारीक, शांत रेघ निघाली. दुकानदाराचा दोष नव्हता, चिन्ह डब्यावर छापलेलं होतं.

मांडवात एक गोष्ट गमतीत घेऊ नकोस. अर्थिंग धड नसेल आणि गिटारची लाइन एकीकडून, साऊंडची दुसरीकडून असेल, तर तारांवर हात ठेवून माईकला ओठ लावताना झटका बसतो. मला बसला आहे, दातापर्यंत. साऊंडवाल्या दादांना सांगून एकाच बोर्डावरून तीन पिनची, अर्थ असलेली लाइन घे, माईकला फोम लाव, आणि गुणगुण जावी म्हणून अर्थची पिन कोणी कापायला सुचवलं तर ऐकू नकोस.

डब्यातली माशी. गिटारच्या कॅबिनेटमधला स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या वर झपाट्याने हात टेकतो. फझची वरची सगळी किरकिर तोच गिळतो. मिक्सर आणि पीए (मांडवातले लाऊडस्पीकर) काहीच गिळत नाहीत. म्हणून वाकड्या पेडलांच्या पलीकडे कॅबिनेट सिम्युलेटर, म्हणजे त्या स्पीकरची नक्कल करणारा डबा, हवा, आणि मग डीआय बॉक्समधून, म्हणजे सिग्नल मिक्सरला जुळवून देणाऱ्या डबीतून, मिक्सरला. तो डिलेच्या आधी की नंतर, असं विचारशील. तोही सरळ, डिलेही सरळ: मोनोमध्ये कुठेही. मी शेवटी ठेवतो ते फक्त वायर कमी लागते म्हणून. सिम्युलेटर नाहीच मिळाला तर साऊंडवाल्यांना तुझ्या चॅनलचा वरचा पट्टा बराच खाली ओढायला सांग. अर्धं काम होतं.

प्रयोग कसे करायचे ते सांगतो, कारण बहुतेक लोक सातही पेडलं उलटीपालटी करतात आणि शेवटी कानच थकतात. कोणाकडून तरी लूपर उसना आण आणि सर्वांत पुढे, गिटारनंतर लगेच लाव. चार मात्रांचा एक तुकडा भर: दोन एकेरी सूर, एक षड्ज-पंचम, एक पूर्ण कॉर्ड, आणि थोडी शांतता. आता तो तुकडा स्वतः वाजत राहील, तुझे दोन्ही हात मोकळे, आणि तुझ्या छेडण्यातला फरक मधून गेला. एका वेळी दोनच पेडलं, सगळे नॉब मध्यावर. अदलाबदल केल्यावर दोन्हींचा आवाज मोठेपणात सारखा कर. जे मोठं ते चांगलं वाटतं, या एका फसवणुकीने मी नको ती दोन पेडलं विकत घेतली आहेत. फोन एकाच जागी ठेवून ध्वनिमुद्रण कर आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऐक. पोहे खाताना ऐकलेलं सहसा खरं निघतं. दोन्ही सारखेच वाटले तर डबे सरळ होते असं समज आणि पुढे जा. जुन्या फझची चाचणी मात्र लूपरवर करू नकोस. लूपरमधला बफर त्याला पुन्हा बिघडवेल. त्याला गिटार थेट.

स्टेजवर लूपर शेवटी न्यायचा, आणि डिलेची वेळ ६०,००० भागिले लय: १०० च्या लयीला ६०० मिलिसेकंद, त्याचा पाऊण भाग घेतलास तर ४५०. पण गणपतीत ढोलकवाले उत्साहात चढतात, तेव्हा पायाने ठेका देता येईल असा टॅप असेल तरच हा हिशेब कर. नसेल तर प्रतिध्वनी दोनच ठेव आणि मंद ठेव.

तर यंदाच्या कार्यक्रमासाठी: गिटार, फझ, ट्यूनर, वाह, ओव्हरड्राइव्ह, इक्वलायझर, कोरस, डिले, रिव्हर्ब, सिम्युलेटर, डीआय. रिव्हर्ब घरी लावतेस त्याच्या निम्मा, कारण मांडवाच्या पत्र्यांचा स्वतःचा असतो. फझची बॅटरी नवी, आणि कार्यक्रम संपला की त्याच्या इनपुटमधला जॅक काढून ठेव. तो आत राहिला तर पेडल बंद असूनही बॅटरी रात्रभर उतरत राहते.